घरचीच पोट्टी, हौस म्हणून

रायपूर
१४ जुलै २०२५

राधिकाताई,

तुझं पत्र येऊन सहा आठवडे झाले आणि मी आज उत्तर लिहून राहिलो. कारणं आहेत, पण देत नाही. तू ती एकेक तपासशील, आणि तपासण्यासारखी ती नाहीत. पहिल्या आठवड्यात पत्र वाचलं. दुसऱ्या आठवड्यात परत वाचलं. तिसऱ्यात, पंडरीच्या ज्या कापडवाल्याकडे मी सध्या गठ्ठे उतरवतो, त्याचा ट्रक जगदलपूरले निघाला होता. ड्रायव्हर म्हणे, चलतो काय? गेलो. दोन दिवसांत यायचं होतं, सोळाव्या दिवशी आलो. केशकालच्या घाटात एक माणूस भेटला, तो अकरा वर्षांपूर्वी गाडीचे ब्रेक थंड करायले तिथं उतरला आणि तिथंच चहाची टपरी टाकून बसला. बायकोले वाटते अजून गाडीवरच आहे. फार भारी माणूस. पण तू म्हणशील मुद्द्यावर ये.

मुद्दा हा, की तू सांगितलेल्यापैकी एकही काम मी केलं नाही. रामकृष्णकाकांकडून तुझ्या नोकरीचं नवीन पत्र घ्यायचं होतं, वकीलबाईंनी पाठवलेल्या नमुन्यात. नाही घेतलं. आणि कॅनडावाल्यांचा चौकशीचा फोन काकांच्या ऑफिसात आला होता तेव्हा तो कोणी उचलला, हे शोधायचं होतं. नाही शोधलं. काका खाली त्यांच्या बांधकामाच्या ऑफिसात बसतात, जिथं तू चार वर्षं नोकरी केली, मी वरच्या खोलीत राहतो, मधे सतरा पायऱ्या आहेत. ते माझ्याकडे असे पाहतात जसा मी चुकीच्या जागी ओतलेला खांब आहे.

तू न सांगितलेलं एक काम मात्र केलं. समता कॉलोनीतल्या एका इमिग्रेशन कन्सल्टंटकडे गेलो. काचेचं टेबल, त्यावर अकरा झेंडे, मागं बर्फाच्या डोंगराचा फोटो, आणि एसी इतका की गिऱ्हाइकाले आत्तापासूनच सवय व्हावी. मी म्हटलं, माझी चुलतबहीण मस्कतले नोकरी करते, कॅनडाच्या कायम रहिवासासाठी अर्ज टाकला त्याले अडीच वर्षं होत आली, उत्तर नाही.

"केस सॉलिड है भैया. टाइम तो लगता है."

"सहा महिने लागतेत म्हणे."

"वो तो लिखने के लिए लिखते हैं."

"कोर्टात जाता येते म्हणतेत."

तो असा हसला जसा मी त्याले गंगेत म्हशी धुवायले सांगितल्या. "सरकार पे केस करोगे तो फाइल में लाल निशान लग जाएगा."

मी विचारलं, "तुम्ही गेले होते काय कॅनडाले?"

"मेरा भी प्रोसेस में है," म्हणे. "दो हजार इक्कीस से."

मग मी उठलो. तू काहून अशा लोकांच्या रांगेत उभी आहेस, हे मले खरंच समजत नाही. जिथं घराबाहेर पडायच्या आधी बर्फ फावड्यानं काढा लागते, तिथं जायले लोक पाय धरून राहिले. असो. उद्या काकांकडे जातो.

पराग

•

मस्कत
१७ जुलै

पराग,

सतरा पायऱ्या उतरायला तुला सहा आठवडे लागले आणि तरी तू उतरला नाहीस. मी इथे बसून कॅनडाच्या त्या खात्याला नावं ठेवते. त्यांच्याकडे निदान लाखो फायली तरी आहेत.

पत्रच लिहीत जा, फोन नको. फोनवर तू केशकालच्या घाटात शिरतोस आणि परत येत नाहीस. शिवाय आई भिलाईहून तुझ्याकडे येते तेव्हा तुझा फोन उघडून बघते, हे तुला माहीत नसेल तर आता कळू दे. ही मेल वाचून झाली की काढून टाक. आणि तारखा घालत जा. वकीलबाईंना प्रत्येक गोष्टीची तारीख लागते.

तुझ्या झेंडेवाल्याला सांग, लाल निशाण वगैरे काही नसतं. उशीर झाला तर तिथल्या न्यायालयात जाता येतं. न्यायालय खात्याला 'हो म्हणा' असं सांगत नाही, 'काय ते म्हणा' एवढंच सांगतं. त्याला परमादेश म्हणतात, आपल्याकडेही तो आहे. बाई म्हणतात, कितीदा तर नुसता दावा दाखल झाला की फाइल हलते. पण एक अट आहे. उशीर माझ्यामुळे झालेला नाही हे दाखवावं लागतं. आणि तिथेच मी अडकले आहे.

मागच्या पत्रात नीट सांगितलं नव्हतं, आता सांगते. तिथेही माहितीचा अधिकार आहे. बाईंनी माझ्या फायलीतल्या नोंदी मागवल्या. त्यातलं एक पान, त्यांच्या दिल्लीच्या कचेरीतलं, असं आहे:

"११ डिसेंबर २०२३, दुपारी १.२०. अर्जदाराच्या पूर्वीच्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळाले की अर्जदार घरचीच मुलगी आहे, हौस म्हणून बसत असे, पगार नव्हता, लग्न होईपर्यंत वेळ घालवत होती. मालक आणि अर्जदार यांचे आडनाव एकच."

त्यानंतर एकोणीस महिने या गोष्टीवर एकही नोंद नाही. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. फाइल फडताळात ठेवली आणि माझ्याकडून तीन वेळा छातीचा एक्स-रे मागवला, कारण जुना शिळा होतो. पोलिसांचा दाखला दोनदा. मी चोर नाही आणि मला क्षय नाही, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करत बसले, आणि आत प्रश्न होता की मी चार वर्षं काम केलं की नाही.

उद्या त्यांनी ठरवलं की मी खोटं लिहिलं, तर पाच वर्षं अर्ज करता येणार नाही. त्यामुळे बाईंचं म्हणणं असं, की आधी आपणहून खुलासा द्यायचा, पुराव्यासकट, फोनवर बोललेल्या माणसाच्या शपथपत्रासकट. सोबत नोटीस, की इतक्या दिवसांत निर्णय द्या, नाहीतर न्यायालयात भेटू. सगळे कागद १२ सप्टेंबरपर्यंत त्यांच्या हातात हवेत. इथला माझा करार ३० सप्टेंबरला संपतो, प्रकल्पच गुंडाळला. म्हणजे मग रायपूर. आईने बिलासपूरचा एक मुलगा पाहून ठेवला आहे, त्याचं दुमजली घर आहे आणि त्याला मेथी चालत नाही. एवढीच माहिती मला मिळाली आहे, आणि ती पुरेशी समजली जाते.

नाव निखाडे, ऑफिस निखाडेंचं, म्हणून त्यांना संशय आला हे मी समजू शकते. पण काका असं का बोलले? जा आणि विचार.

राधिका

•

रायपूर
२२ जुलै

ताई,

उतरलो. परवा सकाळी, सव्वादहा वाजता. लिहून घ्यायले सांग बाईले.

काका टेबलावर कोणाच्यातरी तीन मजल्यांचा नकाशा पसरून बसले होते. मी म्हटलं, "काका, राधिकाताईच्या नोकरीचं नवीन पत्र पायजे."

"दिलं होतं ना एक."

"ते जुनं झालं. आणि एक शपथपत्र बी."

त्यांनी चष्मा काढला. "शपथपत्र? म्हणजे पहिलं पत्र मी खोटं दिलं काय?"

"तसं नाही. पण फोनवर कोणीतरी त्याइले सांगितलं, की ताई इथं हौस म्हणून..."

"कोणता फोन? मले कोणाचा फोन नाही आला. तेहतीस वर्षं झाली मले या धंद्यात. माझ्या सहीवर शाळा उभ्या आहेत, दवाखाने उभे आहेत. त्या कॅनडावाल्याले माझी सही पुरत नाही?"

"काका, पण कायदा असा आहे का..."

"तुझं शिक्षण किती रे?"

"बी.कॉम. सेकंड इयर."

"झालं?"

"नाही."

"मग कायदा मले नको शिकवू."

नवीन पत्र देईन म्हणाले, जुन्यासारखंच, दोन ओळी जास्त. शपथपत्राचं विचारलं तर म्हणे श्रावण लागून राहिला, मग पोळा, मग महालक्ष्म्या, ते सगळं होऊ दे, मग पाहू. ताई, तुझं ते खातं आणि हा माणूस, यांचं आपसात लग्न लावलं पायजे. दोघंही नाही म्हणत नाहीत आणि दोघंही हलत नाहीत.

मले विचारशील तर हे त्यांनीच केलं. तू मस्कतले गेली तेव्हा तीन महिने त्यांनी तुझ्या खुर्चीवर कोणाले बसू दिलं नाही, आठवते? आपण समजलो माया आहे. माया कायची, राग होता. पोट्टी तयार केली आणि ती उडून गेली. दोन वर्षांनी फोन आला आणि काढला राग. मोठी माणसं म्हणून आपण ज्यांच्या पाया पडतो ना, त्यातले निम्मे असेच.

बाकी, खालच्या गल्लीत एका माणसानं जुन्या एसटीडी बूथमधे पोपट विकायचं दुकान काढलं... जाऊ दे, मुद्द्यावर राहतो.

पराग

•

मस्कत
२५ जुलै

पराग,

काकांना शिव्या देऊन झाल्या असतील तर थांब. बाईंनी आज नोंदीचं पुढचं पान पाठवलं, ते आधी सुटलं होतं. फोनवर स्त्री होती. "मालकाच्या घरातली वयस्क स्त्री, हिंदीतून, सौजन्याने बोलली," असं लिहिलंय.

दुपारी एक वीसला काका वर जेवून आडवे झालेले असतात. खाली ऑफिसात कोण असतं, तुला माहीत आहे आणि मलाही.

मला खात्री नाही. तू विचार. नीट विचार, तुझ्या पद्धतीने नको.

राधिका

•

मस्कत
१३ ऑगस्ट

पराग,

एकोणीस दिवस झाले. तुला काही होत नाही, मला माहीत आहे. तुला कधीच काही होत नाही. एक ओळ लिही.

रा.

•

रायपूर
२१ ऑगस्ट

ताई,

तुझं पंचवीस तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मले समजलं होतं. तरी विचारलं नाही. तीन आठवडे मी वनमालाकाकूच्या हातचं दोन्ही वेळ जेवलो आणि दोन्ही वेळ मान खाली घालून वर गेलो. तिले वाटलं प्रेमात पडलो. एकदा म्हणे, "कोणाची हाये रे? छत्तीसगढी असली तरी चालते, सांग." त्या दिवशी तर मी जेवलोच नाही.

काल विचारलं. ती पोळ्यासाठी बेसनाची ठेठरी तळत होती. शेजारणीकडून शिकली तिले तीस वर्षं झाली, पण अजून त्यात ओवा जास्त घालते आणि शेजारणीले नावं ठेवते. मी म्हटलं, "काकू, दोन वर्षांमागं दुपारी ऑफिसात दिल्लीवरून फोन आला होता काय? ताईची चौकशी करायले?"

ताई, तिचा चेहरा फुलला.

"तुले कोणी सांगितलं? जमलं काय तिथं?"

मी काही सांगायच्या आधीच तीच सांगत सुटली. "बाईच होती, लय गोड बोलत होती. म्हणे, राधिका निखाडे आपके यहाँ काम करती थीं क्या? मी लगेच समजली. सरलावहिनीनं, तिच्या मायनं, त्याच हप्त्यात वधूवर मंडळात नाव टाकलं होतं, दिल्लीचं स्थळ आहे म्हणे, फोन येईन. आता पाय, अशा लोकायले शिकेली पोरगी पायजे असते. पण कमवल्याबिगर जिच्या घरी भागत नव्हतं, ती नको असते. म्हणून मी म्हटलं, 'काम काहे का बहनजी, घर की ही लड़की है, शौक से बैठती थी.' तिनं विचारलं, तनख्वाह? मी म्हटलं, 'घर की लड़की को कोई तनख्वाह देता है क्या?' मग म्हणे कब तक बैठती थी, तं मी म्हटलं, 'शादी तक टाइम पास, और क्या.' ती म्हणे धन्यवाद. किती सभ्य लोक होते रे."

"तू कोणाले सांगितलं नाही?"

"काय सांगू? परत फोनच नाही आला. पोरीच्या मनाले कायले लावायचं, का चौकशी केली आणि सोडून देल्लं म्हणून?"

दोन वर्षं ती त्या फोनची वाट पाहून राहिली होती. आणि तू बी.

मग मी सांगितलं. कोणाचा फोन होता, कायले होता. तिनं गॅस बंद केला. रडली वगैरे नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मग तिचं जाणं मीनं अडवलं?" आणि थोड्या वेळानं, "मले पकडून नेतीन काय?"

मी म्हटलं कोणी नाही नेत, एका कागदावर सही करा लागते, कोर्टाच्या आवारात नोटरीसमोर. तेवढ्यात पाहतो तर काका दारात. सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्यांचा चेहरा पाहून मले समजलं, त्यांनाही आत्ताच कळून राहिलं. म्हणजे मी तुले जे लिहिलं होतं, राग बिग, ते सगळं चूक. पण ताई, माणूस क्षमा मागायची संधी बी देत नाही. म्हणे, "माझ्या घरातली बाई कोर्टकचेरीत उभी राहणार नाही. मी देतो ना पत्र. संपलं."

काकूनं गॅस परत लावला.

मी वर आलो आणि तुझं तेरा तारखेचं पत्र परत वाचलं. "तुला कधीच काही होत नाही." हव. बरोबर आहे.

पराग

•

मस्कत
२४ ऑगस्ट

पराग,

मी ऑफिसात मोठ्याने हसले. सगळ्यांनी माना वर केल्या.

चार वर्षं, पराग. मे महिन्यात नवा रायपूरच्या उघड्या माळावर, हेल्मेटखाली ओढणी गुंडाळून, सळया मोजायला मी उभी राहायचे. बस नाही, सावली नाही, बाईमाणसाला जायला आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही. आणि ते सगळं काकूने एका गोड वाक्यात शौक करून टाकलं. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. ती माझं भलं करत होती! आपल्या घरात मुलीचं भलं करायचं म्हणजे तिने काही केलंच नाही असं सांगायचं. कॅनडाच्या खात्याला मी मूर्ख म्हणते, पण त्यांनी लिहून काय घेतलं? आपल्या घरात जे बोललं गेलं तेच.

आता माझं ऐक. हे बाईंना कालच सांगितलं, तुला आज सांगते. त्यांनी विचारलं, "त्या घरातल्या स्त्रीला तुमच्या अर्जाबद्दल माहीत कसं नव्हतं?" माहीत नव्हतं, कारण ते मीच कळू दिलं नव्हतं. काकांकडून पत्र घेतलं तेव्हा त्यांना माझी शपथ घातली होती, कोणालाही सांगायचं नाही, काकूलाही नाही. काकूला सांगितलं की आईला कळणार, आईला कळलं की लगेच मुलगा बघणार. काकांनी शब्द पाळला. अडीच वर्षं स्वतःच्या बायकोला सांगितलं नाही. तुझ्यापुढे ते इतके का भडकले ते आता कळलं असेल तुला. तू त्यांना 'तुम्ही खोटं बोललात' म्हणायला गेला होतास.

मी तेव्हाच काकूला एवढंच म्हटलं असतं, "कुठून फोन आला तर सांग, राधिका नोकरी करत होती," तर ती शंभर वेळा बोलली असती. मला तेवढाही विश्वास वाटला नाही. मी शहाणी होते ना.

असो. आता काय उरलं ते बघू. माझा अर्धा पगार पाकिटात रोख मिळायचा, त्यामुळे बँकेचा पुरावा अर्धाच आहे. बाई म्हणतात, माझ्या सहीचे नकाशे हवेत, आणि नात्यातला नसलेला एक माणूस, जो शपथेवर सांगेल की मी काम करायचे. काकूचं शपथपत्र असेल तर उत्तम. नसेल तर खातं विचारणार, फोनवरची बाई खरी की तुमचे कागद खरे? आणि मग फाइल परत फडताळात.

काकूला त्रास देऊ नकोस. तिला पकडून नेण्याची भीती वाटते, आणि ती भीती घालवायला तू पुरेसा नाहीस. नकाशे बघ. माणूस शोध. १२ तारीख.

आईचा काल फोन होता. म्हणाली, सामान आत्तापासून थोडं थोडं पाठव, एकदम जड होतं.

राधिका

•

रायपूर, जिल्हा कोर्टाचं आवार
११ सप्टेंबर, दुपारी सव्वातीन

ताई,

हे पत्र मोबाइलवर, एका नोटरीच्या टेबलाशी बसून लिहून राहिलो. वर निळी ताडपत्री, खाली कुत्रं, शेजारी टाइपिस्ट जो प्रत्येक शपथपत्रात "मैं अपने पूरे होशोहवास में" हे आपोआप टाकतो, माणूस कोणत्याही होशात असो. उशीर झाला, पण या वेळी मी कुठं गेलो नव्हतो. सगळ्या तारखा खाली देतो.

२९ ऑगस्ट: नवा रायपूरले गेलो. तू ज्याच्या सळया मोजायची त्या हॉस्टेलच्या इमारतीत आता माणसं राहतात. बसची वाट पाहता पाहता अर्धा दिवस गेला. रस्ते एवढे रुंद आणि त्यावर एक मी आणि एक गाय. चौकीदारानं इमारतीच्या मागच्या खोलीतला जुना नकाशांचा ढीग दाखवला. सतरा कागद मिळाले, सगळ्यांवर कोपऱ्यात तुझी सही आणि तारीख. फोटो सोबत आहेत.

३ सप्टेंबर: त्याच इमारतीचा ठेकेदार दिवाकर साहू सापडला. त्याले शोधायले मले तीन साइट फिरा लागल्या. मी म्हटलं, "राधिका मैडम याद हैं?"

त्यानं विडी फेकली. "वो निखाडे मैडम? मोर छाती म चढ़ के काम कराइस! तीन बेर स्लैब तोड़वाइस! एक सरिया कम था, बस एक!"

"ती शौक म्हणून यायची असं म्हणतेत."

"शौक?" तो इतका चिडला की मजूर गोळा झाले. "सात बजे सुबह मेरे माथे पे खड़ी रहती थी, मेरा घाटा करा दिया, और शौक? लाओ, कहाँ दस्तखत करना है?"

ताई, इतक्या तिरस्कारानं कोणी कोणाचं भलं केलेलं मी पाहिलं नाही. त्याचं शपथपत्र आज दोन वाजता झालं. तिसऱ्या परिच्छेदात त्यानं हट्टानं लिहायले लावलं, की "उक्त मैडम का व्यवहार कठोर था." टाइपिस्ट म्हणे हे काढू. तो म्हणे नाही, हे राहू दे, हेच तर पुरावा आहे.

काकांचं नवीन पत्रही आहे, दोन ओळी जास्त. शपथपत्राचं परत विचारलं, महालक्ष्म्या होऊन गेल्यावर. तर म्हणे आता पितृपक्ष लागला, या पंधरवड्यात नवीन कागद करत नाहीत. मी म्हटलं, "काका, मेलेल्यांची इतकी काळजी आहे, जिच्यासाठी तुम्ही शपथ पाळली ती जिवंत आहे." पहिल्यांदाच मी त्यांच्याशी एवढं बोललो. ते चष्मा काढून पुसत बसले. काकू वर जिन्याच्या तोंडाशी उभी होती, तांदूळ निवडायचं सूप हातात. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तू सांगितलं होतं त्रास देऊ नको.

तर एवढंच. सतरा नकाशे, एक चिडलेला ठेकेदार, दोन ओळींनी वाढलेलं एक पत्र. आणि माझं स्वतःचं शपथपत्र, की काकूनं माझ्यासमोर काय कबूल केलं. नोटरी म्हणे, ही ऐकीव गोष्ट झाली, याले कोर्टात कोणी विचारत नाही. त्याच्या तोंडावर असा भाव की मले इथं कोणी बसू दिलं हेच त्याले समजत नाही. तरी मी करून राहिलो. बाईले सांग, कामाचं नसलं तर फेकून दे.

तुझ्यासारखं होणार नाही मले कधी. एकाच ठिकाणी उभं राहून एक सळई कमी आहे म्हणून सगळं तोडायले लावायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. पण हे दोन आठवडे मी एकच काम केलं, ताई, आणि मले ते

थांब.

फाटकाजवळ ई-रिक्षा थांबली. काकू आहे. एकटी. काका नाहीत सोबत. नेसूची तीच घरातली सुती साडी, हातात पिशवी, ती प्रत्येक टेबलाशी थांबून विचारून राहिली. मी इथून हात हलवून राहिलो, तिले दिसत नाही. आता दिसलो.

आली. घामाघूम झाली. मले म्हणे, "तुह्या काकाले जेवायले वाढून आली, झोपले ते." पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि नोटरीच्या पुढ्यात ठेवलं. तो म्हणे, "माताजी, आपका क्या है?"

ती म्हणे, "भैया, पहले लड़की का लिखो. चार साल नौकरी की उसने, सुबह सात से. डब्बा मैं देती थी, मेरे को मालूम है. फिर मेरा लिखो, कि मैं फोन पे झूठ बोली."

टाइपिस्टचे हात थांबले. इथं असं कोणी लिहून मागत नाही बहुतेक.

तिले बसायले जागा पायजे. उठतो.

पराग